मातीकाम आणि ओळख (नागपूर)

मातीकाम म्हणजे ओल्या मातीला हाताने, चाकावर किंवा साच्यात आकार देणं. ही नोंद त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल आहे: बनवणाऱ्याची ओळख त्या वस्तूत कशी उतरते. आपल्याकडे त्याला साधा शब्द आहे, हात. "हा कोणाचा हात?" असं विचारलं की समोरच्याला कळतं.

नागपुरात हे बघायचं असेल तर गणपतीच्या आधी महालातल्या चितारओळीत जावं. पोट, सोंड, आसन ही कामं घरातलं कोणीही करून राहिलेलं असतं, पण डोळे शेवटी आणि ते आखणारा हात ठरलेला असतो, म्हणून तर काही घरं पिढ्यानपिढ्या एकाच मूर्तिकाराकडचा गणपती आणतात, भाव चार पैसे जास्त असला तरी. पीओपीच्या साच्यातून एकसारख्या मूर्ती निघतात, स्वस्त आणि हलक्या, पण त्यात हात शोधायचा तर फक्त रंगात सापडतो. साचा मातीच्या मूर्तीलाही असतो हे खरं, तरी माती साच्यातून काढल्यावर कोरावी लागतेच.

गंमत म्हणजे मूर्तीची माती कच्चीच राहते, म्हणून पाण्यात विरघळते. मडकं मात्र आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजतात. साधारण 600 अंश सेल्सिअसच्या पुढे मातीतलं रासायनिक पाणी निघून जातं आणि मग तिचा परत चिखल होत नाही. त्यामुळे कुंभाराच्या बोटांच्या रेघा हजारो वर्षं टिकू शकतात. नागपूरजवळच्या माहुरझरी, जुनापाणी इथल्या शिळावर्तुळांत, म्हणजे भोवती गोलाकार दगड रचलेल्या जुन्या दफनांत, महापाषाण काळातली काळी-तांबडी भांडी सापडलीत, बनवणाऱ्याचं नाव अर्थातच कुठेच नाही.

मातीचा स्वभावही मधे येतो. विदर्भातली कापसाची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे कुंभार नुसती ती वापरत नाही, तळ्या-नदीचा गाळ घेतो, राख किंवा लीद मिसळतो. किती मिसळायचं ते घराघरात वेगळं, आणि माझ्या मते कारागिराची खरी सही तीच.

आता थोडी अडचणीची गोष्ट. कुंभार ही जातही आहे, म्हणजे एकाला मातीची ओळख जन्मानेच चिकटते, मग तो चाकावर बसो की बँकेत. दुसरीकडे शहरात हौसेने पॉटरीच्या क्लासला जाणारे लोक आहेत, त्यात बायका बऱ्याच, ज्या पारंपरिक घरात सहसा चाकावर बसत नसत. हे लोक मातीतून 'स्वतःला शोधतात' आणि कपाच्या बुडाखाली नाव कोरतात. दोन्ही मातीकामच, पण एकाने ओळख निवडली आणि दुसऱ्याला ती मिळाली, हा फरक विसरून दोघांना एकाच तराजूत तोलू नये.

गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची, गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, मडकं थोपटायच्या थापटण्याने संतांची डोकी वाजवून बघितली आणि नामदेव कच्चे निघाले. एप्रिलमध्ये रस्त्याच्या कडेला झाडाखाली माठ विकायला बसतात तिथे आजही हेच चालतं. माठावर नाव नसतं, घेणारा बोटाने वाजवून बघतो, टण्ण आवाज आला तर घेतो आणि बद्द आला तर तडा असणार म्हणून दुसरा उचलतो.