मॉडेलमधल्या माणसाला डोकं किती द्यायचं?

अफवा, मंदी, साथ, मतदान यांतलं काहीही एकट्या माणसाच्या डोक्यात घडत नाही आणि माणसांच्या डोक्यांना वगळूनही घडत नाही. अशा गुंत्याच्या अभ्यासात माणसासारखा विचार करू पाहणाऱ्या यंत्रांची मदत घेतली जाते. अशी यंत्रं घडवण्याच्या तंत्राला कॉग्निटिव्ह कम्प्युटिंग म्हणतात. आयबीएमच्या वॉटसन या संगणकप्रणालीने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजूषेत दोन नामवंत विजेत्यांना हरवलं, त्यानंतर हे नाव सर्वतोमुखी झालं. पण त्यामागचा प्रश्न पुष्कळ जुना आहे. समाजाची प्रतिकृती, म्हणजे मॉडेल, उभी करायची, तर तिच्यातल्या माणसाला डोकं किती द्यायचं? या क्षेत्राचा सगळा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३५ साली दिलेलं उत्तर होतं ‘अजिबात नाही’. ताऱ्यांच्या मोजमापातल्या चुका ज्या वक्ररेषेवर बसतात, तीच त्यांनी माणसांच्या मोजमापांना लावली. गुन्ह्यांचे आकडे वर्षानुवर्षं जवळपास सारखे राहतात हे त्यांनी दाखवलं आणि ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली. या माणसाला वय होतं, उंची होती, गुन्ह्याकडे कलही होता. तो निर्णय मात्र कधी घेत नव्हता.

त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९३५ मध्ये, हर्बर्ट सायमन नावाचा विद्यार्थी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रीडांगणांच्या कारभाराचा अभ्यास करत होता. मैदानांचा खर्च शाळामंडळ आणि बांधकाम खातं मिळून बघायचं, आणि पैसा देखभालीवर घालायचा की खेळ शिकवणाऱ्यांवर, यावरून दोघांची सतत ओढाताण चालायची. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे शेवटच्या रुपयाचा, म्हणजे तिथल्या डॉलरचा, फायदा दोन्हीकडे सारखा होईपर्यंत वाटणी करायची. तिथे तसा हिशेब कुणीच मांडत नव्हतं. जो तो आपल्या खात्याच्या खिडकीतून दिसेल तेवढंच बघून ठरवत होता. माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत नाही, चालून जाईल असा सापडला की थांबतो, हा सायमन यांचा पुढचा सिद्धांत या मैदानांवर रुजला. त्यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते संस्थांमधल्या निर्णयप्रक्रियेवरच्या अशाच कामासाठी.

याच सायमन यांनी अ‍ॅलन न्यूवेल आणि क्लिफ शॉ यांच्याबरोबर १९५६ च्या सुमारास ‘लॉजिक थिअरिस्ट’ हा तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम घडवला. तो यंत्रावर चढण्याआधी सायमन यांनी आपली पत्नी, मुलं आणि काही विद्यार्थ्यांना एकत्र बसवलं, प्रत्येकाच्या हाती एकेक कार्ड दिलं. ज्याच्या कार्डावर जो हुकूम, तेवढंच त्याने करायचं. अशा रीतीने माणसांकडूनच प्रोग्रॅम चालवून पाहिला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासातलं हे मला सर्वांत बोलकं दृश्य वाटतं. एका मनाचं काम वाटून घेतलेला तो छोटासा समाजच होता. मन आणि संस्था हे सायमन यांच्या दृष्टीने एकाच प्रश्नाचे दोन भाग होते.

पुढे हे दोन भाग वेगळे झाले आणि बराच काळ वेगळेच राहिले. एका वाटेवर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे प्राध्यापक जे (Jay) फॉरेस्टर होते. शहर, उद्योग, मग सगळं जग त्यांनी साठे, प्रवाह आणि प्रतिसादचक्रं (परिणामच फिरून कारण बनतो अशा साखळ्या) यांच्या समीकरणांत मांडलं. ‘क्लब ऑफ रोम’ या विचारगटासाठी १९७२ मध्ये आलेला वाढीच्या मर्यादांवरचा अहवाल याच पद्धतीतून निघाला. त्यात लोकसंख्या होती, प्रदूषण होतं, व्यक्ती कुठेच नव्हती.

दुसऱ्या वाटेवर अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग होते. ते संगणकापासून नव्हे, मुलाच्या संग्रहातल्या नाण्यांपासून सुरू झाले. दोन प्रकारची नाणी चौकटींच्या पटावर विखरून ठेवायची, काही घरं रिकामी सोडायची. प्रत्येक नाण्याची मागणी साधी: शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्यासारखे असावेत. तेवढे नसतील तर उठायचं आणि मनाजोगत्या रिकाम्या घरात जाऊन बसायचं. एक नाणं उठलं की जुन्या शेजाऱ्यांची गणितं बिघडतात, मग त्यांतलं एखादं उठतं. थोड्याच वेळात पटावर दोन स्वतंत्र वस्त्या दिसू लागतात. वेगळं राहण्याचा हट्ट एकाही नाण्याचा नव्हता, तरी फाळणी झाली. हे मांडणारा त्यांचा लेख १९७१ चा. सगळ्यांचा मिळून परिणाम कुणा एकाच्याही इच्छेत शोधून सापडत नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

शेलिंगच्या नाण्यांना एकच नियम पुरला, आणि त्यातून ‘एजंट’ नावाच्या छोट्या पात्रांची परंपरा उभी राहिली. १९८४ मध्ये अमेरिकेत गुंतागुंतीच्या व्यवस्थांचा अभ्यास करणारी सांता फे इन्स्टिट्यूट स्थापन झाल्यावर तिला हक्काचं घर मिळालं. तिथल्या कामांतलं एक मुद्दाम सांगण्यासारखं आहे. अ‍ॅरिझोनातल्या लाँग हाउस व्हॅलीत इ. स. ८०० ते १३५० या काळात राहणारी कुटुंबं संशोधकांनी संगणकात वसवली. झाडांच्या खोडांतल्या वलयांवरून आणि मातीवरून काढलेला पाऊसपाण्याचा अंदाज त्यांना दिला, आणि दरवर्षी मका किती पिकेल याचा हिशेब लावला. लोकसंख्येचे चढउतार बऱ्यापैकी जुळले, पण शेवट जुळेना. १३०० च्या सुमारास खरी माणसं खोरं सोडून गेली, संगणकातली काही कुटुंबं मात्र तिथेच तग धरून राहिली. जमीन थोड्यांना पोसू शकत होती, म्हणजे जाण्यामागे दुष्काळाखेरीजही काही होतं. नाती, श्रद्धा, सोबत्यांमागे जाणं यांतलं काहीच त्या पात्रांना दिलेलं नव्हतं. मॉडेल जिथे चुकलं, तिथेच ते सर्वांत उपयोगी ठरलं.

पात्रांना मन द्यायचे प्रयत्न याच काळात दुसरीकडे चालू होते. न्यूवेल यांचा ‘सोअर’, जॉन अँडरसन यांचा ‘अ‍ॅक्ट-आर’ हे स्मृती, लक्ष आणि शिकणं यांचे संगणकी आराखडे. पण ते बहुधा एकेकट्या मनाचे होते. ते समाजाच्या मॉडेलांशी जोडा, असा आग्रह रॉन सन यांच्यासारख्यांनी २००० नंतर लावून धरला. तोवर मोबाइल आणि समाजमाध्यमांमुळे माहितीचा पूर आला होता, आणि अनेकांना वाटलं, आता मनाची गरजच उरली नाही, नुसत्या माहितीवरून पुढचं सांगता येईल. ती आशा तपासणाऱ्या एका प्रयोगाचे निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या चार हजारांवर कुटुंबांची जन्मापासूनची माहिती १६० गटांना दिली आणि मुलं पंधरा वर्षांची होताना काय घडेल हे ओळखायला सांगितलं. सर्वांत चांगली मशीन लर्निंग, म्हणजे माहितीतून आपोआप शिकणारी, मॉडेल्सही चार गोष्टींवर बेतलेल्या साध्या सूत्रापेक्षा जेमतेमच पुढे गेली.

आता भाषा-मॉडेलांमुळे, म्हणजे अफाट मजकुरावर शिकून माणसासारखं बोलणाऱ्या प्रोग्रॅममुळे, सायमन यांचे मन आणि संस्था हे दोन भाग पुन्हा एकत्र येत आहेत. स्टॅनफर्डच्या गटाने २०२३ मध्ये अशा २५ पात्रांचं गाव संगणकात वसवलं. एकीला मेजवानी द्यायची आहे एवढंच सांगितलं, आणि आमंत्रणं तोंडोतोंडी फिरून काही पात्रं वेळेवर हजर झाली. पुढच्या वर्षी १,०५२ खऱ्या माणसांच्या दोन-दोन तासांच्या मुलाखतींवरून त्यांची प्रतिरूपं केली गेली. तेच प्रश्न दोन आठवड्यांनी पुन्हा विचारले, तर खरी माणसंही स्वतःच्या जुन्या उत्तरांशी तंतोतंत जुळत नाहीत. ती जेवढी जुळतात ते माप शंभर धरलं, तर प्रतिरूपांची सर्वेक्षणातली अचूकता ८५ टक्के भरली.

मुलाखतीचा आधार नसेल तेव्हा मात्र दुसरंच चित्र दिसतं. केवळ वय, लिंग, पक्ष एवढं सांगून मॉडेलकडून मतं वदवून घेतली, तर सरासरी बऱ्याचदा ठीक येते, पण खऱ्या लोकांत असते तेवढी मतांची पसरण त्यात नसते. विक्षिप्त, डळमळीत, स्वतःशीच विसंगत माणसं गळून जातात. उरतो तो केटले यांचा सरासरी माणूस, या वेळी मात्र बोलता येणारा.