अमेरिकन वसाहतींमधील करविरोधी असंतोष (१७६३–७६)

उत्तर अमेरिकेतील तेरा ब्रिटिश वसाहतींमध्ये पार्लमेंटने बसवलेल्या करांविरुद्ध व कायद्यांविरुद्ध १७६३ नंतर वाढत गेलेला असंतोष. त्याची परिणती एप्रिल १७७५ मध्ये सशस्त्र संघर्षात आणि ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात झाली. करांचा बोजा असह्य झाल्यामुळे वसाहती बिथरल्या, असे सर्रास सांगितले जाते. ते फारसे खरे नाही. वसाहतवाल्यांवरील कर इंग्लंडमधील प्रजेच्या मानाने हलके होते आणि मुद्रांक शुल्क तर इंग्लंडमध्ये १६९४ पासूनच चालू होते. खरा वाद कर बसवण्याचा अधिकार कोणाचा आणि वसूल झालेल्या पैशावर ताबा कोणाचा, यासंबंधीचा होता.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून केलेल्या नौकानयन कायद्यांनी वसाहतींचा व्यापार ब्रिटनशी बांधून टाकला होता, परंतु त्यांची अंमलबजावणी ढिली असल्याने चोरटा व्यापार राजरोस चाले. प्रत्येक वसाहतीत निवडून आलेली सभा होती. स्थानिक कर तीच मंजूर करी, आणि बऱ्याच ठिकाणी गव्हर्नरचा पगारही तिच्याच मंजुरीवर अवलंबून असे. त्यामुळे राजाने नेमलेल्या गव्हर्नरलासुद्धा सभेशी जमवून घ्यावे लागे. हा अंकुश वसाहतवाल्यांना इंग्रज प्रजाजनांचा वारसाहक्क वाटत होता.

मुख्यतः फ्रान्सशी चाललेले सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज सुमारे १३ कोटी पौंडांवर गेले होते. शिवाय अमेरिकेत सुमारे दहा हजारांची फौज ठेवायची होती आणि तिच्या खर्चाचा काही वाटा वसाहतींनी उचलावा, असे पंतप्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल यांचे मत होते. १७६३ च्या राजघोषणेने ॲपलेशियन पर्वतापलीकडे वस्ती करण्यास मनाई झाल्याने जमिनीवर डोळा ठेवून बसलेले लोक आधीच नाराज होते. १७६४ च्या साखर कायद्याने काकवीवरील जकात गॅलनमागे सहा पेन्सवरून तीन पेन्सवर आणली. कागदावर ही सवलतच होती. पण जुनी जकात फारसे कोणी भरत नसे आणि नवी कसोशीने वसूल होऊ लागली, याचा फटका न्यू इंग्लंडमधील (ईशान्येकडील वसाहतींमधील) काकवीपासून रम गाळणाऱ्यांना बसला. जकातीचे खटले ज्यूरी नसलेल्या नाविक न्यायालयांत नेता येऊ लागले, हे लोकांना अधिक झोंबले.

१७६५ चा मुद्रांक कायदा कायदेशीर दस्तऐवज, वृत्तपत्रे, परवाने, एवढेच नव्हे तर पत्ते आणि फासे यांनाही लागू होता. वकील, मुद्रक आणि व्यापारी, म्हणजे ज्यांच्या हाती लेखणी व छापखाने होते नेमके तेच वर्ग, त्याने दुखावले. पार्लमेंटमध्ये आमचा प्रतिनिधी नाही, म्हणून आमच्यावर कर बसवण्याचा तिला अधिकार नाही, अशी त्यांची भूमिका होती. पार्लमेंट साऱ्या साम्राज्याचेच प्रतिनिधित्व करते, इंग्लंडमधील मँचेस्टरलाही स्वतंत्र सभासद नाही, असे उत्तर लंडनहून आले. ज्यांना स्वतःची निवडलेली सभा होती त्यांना ते पटणे शक्य नव्हते. या वादात वसाहतवाले आपल्या स्थितीला बेधडक गुलामगिरी म्हणत, आणि असे म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांच्या मळ्यांवर खरेखुरे गुलाम राबत होते. मुद्रांक विकणाऱ्या अधिकाऱ्यांना जमावांनी राजीनामे द्यायला लावले, ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला. मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला, पण त्याबरोबरच वसाहतींना सर्व बाबतींत बांधील करण्याचा आपला अधिकार पार्लमेंटने कायद्यानेच घोषित केला.

१७६७ मध्ये ब्रिटिश अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी काच, शिसे, रंग, कागद व चहा यांच्या आयातीवर जकात बसवली. तिच्या उत्पन्नातून गव्हर्नर व न्यायाधीश यांचे पगार देण्याची योजना होती, म्हणजेच सभांच्या हातातील अंकुश काढून घेतला जाणार होता. बहिष्कारानंतर १७७० मध्ये चहाखेरीज बाकीच्या जकाती उठल्या. तरीही १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वरिष्ठ न्यायाधीशांचे पगार जकातीतून देण्याचे ठरले, तेव्हा तेथील पुढारी सॅम्युएल ॲडम्स यांच्या पुढाकाराने बॉस्टनमध्ये इतर गावांशी संपर्क ठेवणारी पत्रव्यवहार समिती स्थापन झाली आणि गावोगावी तशा समित्या निघाल्या.

१७७३ चा चहा कायदा ईस्ट इंडिया कंपनीला दिवाळखोरीतून वाचवण्यासाठी होता. (कंपनीला सावरतानाच केलेल्या त्याच वर्षीच्या रेग्युलेटिंग ॲक्टने मुंबई सरकार कलकत्त्याच्या देखरेखीखाली आले, आणि रघुनाथरावाशी मुंबईकरांनी केलेला सुरतेचा तह पुढे कलकत्त्याने अमान्य केला.) या कायद्याने चहा स्वस्त होणार होता. मात्र तो विकत घेणे म्हणजे पौंडामागे तीन पेन्सची जकात मान्य करणे होते, आणि स्थानिक व्यापाऱ्यांना वगळून माल कंपनीच्या निवडक अडत्यांकडे जाणार होता. १६ डिसेंबर १७७३ रोजी बॉस्टन बंदरात कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकण्यात आल्या.

शिक्षा म्हणून १७७४ मध्ये पार्लमेंटने बॉस्टन बंदर बंद केले, मॅसॅच्युसेट्सची सनद (वसाहतीचा कारभार ठरवणारा राजाचा लेख) बदलली आणि गावसभांवर निर्बंध घातले. एका वसाहतीची सनद बदलता येते तर कोणाचीही बदलता येईल, या धास्तीने व्हर्जिनियातील मळेवालेही बॉस्टनच्या बाजूने उभे राहिले, आणि सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला भरलेल्या काँग्रेसला (वसाहतींच्या परिषदेला) जॉर्जिया वगळता बारा वसाहतींचे प्रतिनिधी आले. १७७६ च्या जाहीरनाम्यातील तक्रारींच्या लांबलचक यादीत संमतीविना कर ही एकच ओळ आहे. तिच्या आगेमागे न्यायाधीशांचे पगार, शांततेच्या काळातील फौज, ज्यूरी आणि बदललेल्या सनदा यांच्या तक्रारी आहेत.