विशेषांकाची सूत्रं पाहुण्या संपादकाकडे: पार्श्वभूमी

संशोधन पत्रिकेचा संपादक एखाद्या अंकापुरता लेख निवडण्याचा अधिकार बाहेरच्या अभ्यासकाला देतो. हा अतिथी संपादक. काम मानाचं, बहुतेक ठिकाणी बिनपैशाचं आणि वर्ष-दीड वर्ष पुरणारं. हल्ली मात्र ‘आमच्या विशेषांकाचं संपादन करा’ अशा ई-मेल प्राध्यापकांना एकामागून एक येतात, त्याही कित्येकदा त्यांच्या विषयाशी संबंध नसलेल्या पत्रिकांकडून. मानाच्या कामाची अशी खिरापत कशी झाली, याचं उत्तर पत्रिकेच्या पानांत आहे.

1665 मध्ये हेन्री ओल्डेनबर्ग यांनी लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं, तेव्हा पत्रव्यवहारापासून निवडीपर्यंत सगळं त्यांच्याच हाती होतं. पुढे विषयांना इतके फाटे फुटले की एका संपादकाला सगळ्यातलं कळणं अशक्य झालं. सरसकट पिअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी लेख त्याच विषयातल्या बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेणं, त्या मानाने अलीकडचा आहे. ‘नेचर’ने तो 1973 मध्ये सक्तीचा केला. पाहुणा संपादक आला तोही याच गरजेतून. निमित्त बहुधा परिषदेचं किंवा गौरवाचं असे. आइनस्टाइन यांच्या सत्तरीनिमित्त ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’ने 1949 मध्ये गौरवांक काढला. त्यातच कुर्ट गोडेल यांनी फिरत्या विश्वाचं आपलं गणित मांडलं. अंक गौरवाचा असला तरी मजकूर औपचारिक असायला हवा असं नाही, हे त्यातून दिसलं. आपल्याकडे मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ने 1985 पासून स्त्री-अभ्यासाला स्वतंत्र पानं दिली. एका विषयाला नियमित, हक्काची जागा मिळाली की काय घडतं, याचं ते फार चांगलं उदाहरण आहे.

छापील काळात वर्षातला एक अंक विशेषांकाला दिला की नेहमीच्या लेखांची रांग तेवढी मागे सरकायची. त्यामुळे संपादक मंडळ प्रस्ताव कसून तपासत असे. चांगला प्रस्ताव आजही दोन-तीन पानांचाच असतो: विषय आणि त्याची हद्द, हा अंक आत्ताच का, संभाव्य लेखक आणि वेळापत्रक. शेवटी आठ-दहा लेख हवे असतील तर वीस-पंचवीस गोषवारे हाती असावे लागतात. एका लेखाला दोन रिव्ह्यूअर मिळवायला पाच-सहा जणांना विचारावं लागतं. आलेल्या दोन अहवालांत एकमत नसेल तर तिसरा, म्हणजे आणखी महिना-दीड महिना.

घोळ व्हायचा तो इथेच. एक लेखक रखडला की सगळा अंक अडायचा आणि वेळेत दिलेले लेख वर्षभर पडून राहायचे. चार लेख नाकारल्यावर अंक रोडावतो, मग भरतीसाठी कसोटी सैल होते. विषयाची ओढही धोक्याची असते. ‘सोशल टेक्स्ट’ या संस्कृती-अभ्यासाच्या पत्रिकेच्या 1996 मधल्या ‘सायन्स वॉर्स’ विशेषांकात भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांचा मुद्दाम निरर्थक लिहिलेला लेख छापला गेला. संपादकांनी सुचवलेले बदल सोकल यांनी केले नव्हते. तरी लेख अंकाच्या विषयात बसत होता आणि लिहिणारा भौतिकशास्त्रज्ञ होता, म्हणून तो घेतला. त्या वेळी ती पत्रिका लेख बाहेरच्या तज्ज्ञांना दाखवत नसे.

इंटरनेट आलं आणि पानांची मर्यादा गेली. तयार झालेला लेख लगेच प्रकाशित करता येऊ लागला, अंक अडून राहायचा प्रश्न सुटला. हा खरा फायदा होता. पण त्याच सुमारास वाचकाच्या वर्गणीऐवजी लेखकाकडून प्रकाशन शुल्क घेण्याची पद्धत वाढली. पान फुकट आणि प्रत्येक लेखामागे पैसे, या दोन गोष्टी जुळल्यावर विशेषांकांना आवर घालायला आर्थिक कारण उरलं नाही.

मग बनावट लेख घुसवणाऱ्या टोळ्या शिरल्या. ‘जर्नल ऑफ नॅनोपार्टिकल रिसर्च’कडे नामवंत संशोधकांच्या नावाने विशेषांकाचा प्रस्ताव आला. ई-मेल पत्ते विद्यापीठाच्या पत्त्यासारखे दिसत होते, पण ते डोमेन विद्यापीठाचं नव्हतंच. फसवणूक 2020 मध्ये उघड झाली, तोवर डझनाहून जास्त लेख प्रकाशित झाले होते. 2021 मध्ये संगणकतज्ज्ञांनी अशा लेखांमधले पिळवटलेले शब्दप्रयोग पकडले. इतरांचा मजकूर सॉफ्टवेअरने शब्द बदलून वापरला की ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ (नकली जाणीव) होतं. शीर्षक वाचणाऱ्यालाही ते खटकलं असतं. म्हणजे लेख कुणी वाचलेलाच नव्हता.

सर्वांत मोठा फटका हिंदावी या पत्रिका-प्रकाशन संस्थेला बसला. 1997 मध्ये कैरोत सुरू झालेली ही संस्था वायली या अमेरिकी प्रकाशकाने 2021 मध्ये 29.8 कोटी डॉलरला घेतली. ऑक्टोबर 2022 मध्ये विशेषांक थांबवावे लागले, मार्च 2023 मध्ये ‘वेब ऑफ सायन्स’ या संशोधन पत्रिकांच्या सूचीने हिंदावीच्या 19 पत्रिका वगळल्या आणि त्या एका वर्षात 8,000 हून अधिक लेख मागे घेतले गेले. वर्षाअखेर वायलीने हिंदावी हे नावच बंद करायचं ठरवलं.

आजचे नियम या पडझडीतून आले आहेत. खुल्या, मोफत वाचता येणाऱ्या पत्रिकांची सूची ठेवणाऱ्या डीओएजेच्या निकषांनुसार अतिथी संपादकांचे स्वतःचे लेख अंकाच्या 25 टक्क्यांहून जास्त असू नयेत आणि विशेषांकासह सगळ्या मजकुराची जबाबदारी मुख्य संपादकाचीच. संशोधनाला अनुदान देणाऱ्या स्विस नॅशनल सायन्स फाउंडेशनने फेब्रुवारी 2024 पासून विशेषांकातल्या लेखांचं शुल्क देणं बंद केलं. प्रामाणिक अंकांवर त्यात अन्याय होतो, पण एवढा कडकपणा का आला हे समजण्याजोगं आहे.

म्हणून काम स्वीकारताना काही गोष्टी आधीच लेखी ठरवून घ्याव्यात. आपला लेख असेल तर तो पत्रिकेचा दुसरा संपादक हाताळेल आणि रिव्ह्यूअरची नावं आपल्याला दिसणार नाहीत. सहकारी, विद्यार्थी, सहलेखक यांच्या लेखांनाही तेच लागू. लेखकाने सुचवलेला रिव्ह्यूअर घ्यायचाच असेल तर त्याचा पत्ता त्याच्या संस्थेच्या संकेतस्थळावरून स्वतः शोधावा, लेखकाने दिलेल्या जीमेलवर विसंबू नये.

भारतात या रोगाचं रूप वेगळं आहे. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र, नोंदणी शुल्कातच ‘प्रकाशन’ आणि आलेले सगळे निबंध आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक असलेल्या एखाद्या मासिकाच्या जाडजूड विशेषांकात. संपादक म्हणून नाव आयोजक प्राध्यापकाचं. पदोन्नतीचे गुण आणि पीएच.डी.ची अट यांनी ही मागणी वाढवली. पुण्यातल्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य पत्रिकांच्या यादीतल्या, विद्यापीठांनी शिफारस केलेल्या पत्रिका तपासल्या. 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी 88 टक्क्यांहून अधिक पत्रिका निकृष्ट निघाल्या. त्यानंतर यूजीसी-केअर ही मान्य पत्रिकांची नवी यादी आली. यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमांत प्रबंधाआधी लेख छापण्याची सक्ती गेली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये ती यादीही बंद झाली. पत्रिका पारखण्याचं काम आता ज्या त्या संस्थेकडे आहे. तिथल्या समितीसमोर विशेषांकातला लेख आला, तर किती निबंध आले होते, किती नाकारले आणि अंतिम सही कुणाची होती, एवढं आयोजकाकडून लेखी मागवता येतं.