डिंकातले बारकावे

गम बायक्रोमेट, म्हणजे डिंकात रंग कालवून छायाचित्र छापण्याची जुनी पद्धत, म्हटलं की धूसर, चित्रासारखी छायाचित्रं डोळ्यांपुढे येतात. पॅरिसचे छायाचित्रकार रॉबेर दमाशी यांनी १८९०च्या दशकात ही पद्धत पुन्हा वर आणली. त्यांना तशी धूसरता हवीच होती. पण धूसरपणा हा डिंकाचा स्वभावच आहे, हा समज मला मान्य नाही. बारकावे हरवतात ते थराच्या जाडीत.

डिंकाच्या पाण्यात जलरंग आणि डायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार, यालाच बायक्रोमेटही म्हणतात) कालवून कागदावर फासतात. वाळल्यावर छापाच्याच आकाराची निगेटिव्ह ठेवून ऊन दाखवतात. अतिनील किरणांनी डायक्रोमेटमधल्या क्रोमियमचं रूप बदलतं आणि ते डिंकाचे रेणू एकमेकांत गुंतवतं. तेवढा डिंक पाण्यात विरघळत नाही. बाकीचा रंगासकट धुऊन जातो.

अडचण अशी की प्रकाश वरून येतो, म्हणून थरही वरूनच घट्ट होऊ लागतो. गडद भागांत हा घट्टपणा कागदापर्यंत पोचतो. फिकट भागांत मात्र वरचा पापुद्राच घट्ट होतो, खालचा डिंक कच्चा राहतो. पाण्यात तो विरघळला की आधार सुटलेला पापुद्रा वाहून जातो आणि गालावरची हलकी छटा किंवा पांढऱ्या कापडाची वीण त्याच्याबरोबर जाते. कार्बन छपाईत, म्हणजे जिलेटिनच्या रंगीत थराने छायाचित्र छापण्याच्या पद्धतीत, जोसेफ स्वान यांनी १८६४ मध्ये यावर उपाय काढला: थर दुसऱ्या कागदावर उलटा चिकटवून मागच्या बाजूने धुवायचा. डिंकाचा थर मात्र सहसा उचलत नाहीत, त्यामुळे तो मुळातच पातळ हवा.

पातळ थरात गर्द काळा येत नाही. रंग वाढवावा तर तोच अतिनील किरण अडवतो, शिवाय कागदावर डाग पाडतो. म्हणून ऑस्ट्रियाचे छायाचित्रकार हाइनरिख क्यून आणि त्यांच्या मित्रांनी एकावर एक थर छापले. फिकट छटांसाठी रंग कमी, प्रकाश जास्त. गडद छटांसाठी उलट.

पण ओला कागद फुगतो, वाळताना आक्रसतो. पुढच्या थराला निगेटिव्ह अर्धा मिलिमीटर सरकली तरी पापणी दुहेरी दिसते. त्यासाठी कागद आधीच गरम पाण्यात भिजवून वाळवतात, मग जिलेटिनचा लेप देऊन तो पक्का करतात. कागद गुळगुळीत हवा आणि निगेटिव्ह काचेखाली घट्ट दाबलेली. ट्यूबलाइटचा पसरट प्रकाश रेषेच्या कडेखाली शिरतो. उन्हाचे जवळजवळ समांतर किरण कड स्वच्छ ठेवतात.

डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक आहे, तेव्हा हातमोजे हवेतच. धुताना छाप पाण्यात पालथा तरंगत ठेवावा, ब्रश लावू नये. ओला थर इतका नाजूक असतो की बोट लागलं तरी पुसला जातो. कोपऱ्याला चिमटा लावून टांगावा आणि पूर्ण वाळल्यावरच पुढचा थर चढवावा.