बटण इथे, गेम तिथे

फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर लावा, सेकंदाला २४० फ्रेम. कंट्रोलरवरचा अंगठा आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा तो धरा आणि गेममधल्या पात्राला एक उडी मारायला लावा. मग तो व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजा, बटण खाली गेल्यापासून पात्राचे पाय उचलेपर्यंत किती फ्रेम गेल्या. एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची, म्हणजे वीस मोजल्या तर ८० मिलिसेकंदांच्या वर. यंत्र घरात शेजारी ठेवलेलं असलं तरी हा आकडा शून्य येत नाही. गेमचं गणित, चित्र रंगवणं, टीव्हीची स्वतःची प्रक्रिया, प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो.

क्लाउड गेमिंग म्हणजे गेम दूरच्या यंत्रावर चालवायचा आणि त्याचं चित्र नेटवरून घरी आणायचं. त्यामुळे कन्सोल, म्हणजे घरचं गेमचं यंत्र, हद्दपार होईल असं म्हणणारे आहेत. पण यात वाटेकरी वाढतात. बटणाचा संदेश वाय-फायवरून राउटरकडे आणि तिथून दूरच्या डेटा सेंटरकडे जातो. तिथलं ग्राफिक्स कार्ड उडीचं चित्र काढतं, एन्कोडर ते दाबून लहान करतो, त्याची पॅकेटं, म्हणजे डेटाचे तुकडे, आल्या वाटेने परत येतात आणि तुमचा फोन किंवा टीव्ही ती उलगडून दाखवतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर १,००० किलोमीटरवर असेल तर जाण्यायेण्यात १० मिलिसेकंद गेले, तेही केबल अगदी सरळ टाकली आहे असं धरून. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद टिकते, त्या मानाने हे फार नाही. जास्त छळतो तो जिटर, म्हणजे उशिराचं सतत कमीजास्त होणं. ठरावीक उशिराची हाताला सवय होते. आता ४०, मग ९०, पुन्हा ४० असं चाललं की होत नाही. हा जिटर बऱ्याचदा घरच्याच वाय-फायचा असतो, त्यामुळे कंपनीला शिव्या घालण्याआधी एकदा केबल लावून पाहावी.

चित्रपट तर मजेत स्ट्रीम होतो, मग गेमचंच घोडं कुठे अडतं? चित्रपटात पुढे काय होणार ते ठरलेलं असतं, म्हणून ॲप पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवतं. नेट अडखळलं तर त्या साठ्यावर भागतं. गेमची पुढची फ्रेम मात्र अजून जन्मलेलीच नसते, कारण ती तुमच्या अंगठ्यावर अवलंबून आहे. साठवायचं काय? चित्र दाबून लहान करतानाही हीच पंचाईत होते. फुल एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट लागतील. प्रत्यक्षात ते १५-२० मेगाबिटमध्ये कोंबलं जातं, कारण एन्कोडर मागच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच पाठवतो. चित्रपटाच्या एन्कोडरला पुढच्या फ्रेमही चाळून पाहता येतात, याला ती चैन नाही. म्हणून हलणाऱ्या गवतातून पळत सुटलात, की क्षणभर सगळं चित्र गढूळ होतं. पाऊस आणि धूर यांचंही तेच.

तरीही तंत्रज्ञान चालतं, हे बऱ्याच आधी दिसलं आहे. ऑनलाइव्ह ही सेवा २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये बंद पडली. सोनीने २०१२ मध्ये क्लाउड गेमिंगमधलीच गायकाई ही कंपनी ३८ कोटी डॉलरना विकत घेतली. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्टेडिया ही आपली सेवा आणली. नेट चांगलं असेल तर ते बऱ्यापैकी सफाईने चालायचं. माझ्या मते त्याचं घोडं पेंड खाल्लं ते दुकानदारीत. गेम पूर्ण किंमत मोजून घ्यायचा आणि तो फक्त तिथेच चालणार. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊ या सेवेने उलटी वाट धरली: तुम्ही पीसीसाठी घेतलेलेच गेम आमच्या यंत्रावर चालवा. पण फेब्रुवारी २०२० मध्ये ही सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि काही दिवसांतच ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड या गेम प्रकाशकाने आपले गेम तिथून काढून घेतले. पैसे मोजून घेतलेला गेम कुठल्या यंत्रावर चालवायचा, हेही प्रकाशकाच्या मर्जीवर असतं, ते तेव्हा अनेकांना कळलं.

मला खरी मेख दिसते ती वेगळीच. क्लाउड स्वस्त पडतो तो एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरल्यामुळे. ईमेलचा किंवा फोटोंचा सर्व्हर कुठल्याही देशात चालतो, एकीकडे रात्र झाली की दुसरीकडचे लोक तो वापरतात. गेमला सर्व्हर जवळच हवा. आणि एका टापूतले लोक खेळायला बसतात ते साधारण एकाच वेळी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. त्या गर्दीला पुरतील एवढी महागडी कार्डं घेऊन ठेवावी लागतात आणि सकाळी ती माश्या मारत बसतात. रांगा आणि तासांच्या मर्यादा येतात त्या यातूनच. जीफोर्स नाऊच्या फुकट योजनेत एका तासानंतर खेळ थांबतो, आणि २०२५ पासून पैसे भरणाऱ्या नव्या सदस्यांनाही महिन्याला १०० तासांची मर्यादा लागली. रिकाम्या वेळात हीच कार्डं एआयच्या कामाला जुंपता येतील, पण मग संध्याकाळी ती खेळणाऱ्याला द्यायची की एआयवाल्याला? जो जास्त मोजेल त्याला.

म्हणून कन्सोल हद्दपार होईल, असं मला वाटत नाही. निवांत कथेचे, आळीपाळीने चाली खेळायचे गेम क्लाउडवर छान रमतात. १०० जीबी उतरवण्याआधी अर्धा तास खेळून बघायला तर याहून चांगली सोय नाही. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आपली क्लाउड सेवा गेम पास या गेमच्या वर्गणी योजनेतच घातली, ते मला शहाणपणाचं वाटतं: कन्सोल घरी, आणि प्रवासात तोच गेम फोनवर. नेमबाजीच्या स्पर्धेत उतरणारा मात्र एकेका फ्रेमसाठी भांडतो. तो यंत्र शेजारीच ठेवणार.

स्टेडियाचा कंट्रोलर वाय-फायवरून थेट गूगलच्या सर्व्हरशी बोलायचा, मधला एक टप्पा वाचावा म्हणून. जानेवारी २०२३ मध्ये सेवा बंद करताना गूगलने गेमचे पैसे परत केले आणि त्या कंट्रोलरसाठी एक छोटं अपडेट दिलं. त्याने आतली ब्लूटूथ जोडणी खुली झाली. ज्यांनी ते टाकून घेतलं त्यांचा कंट्रोलर आता घरच्या पीसीला जोडून चालतो.