तणनाशकामागची रानमोहरी

गव्हात किंवा उसात रुंद पानांचे तण माजले की आपल्याकडे टू-फोर-डी फवारतात. तण जळते, पीक तगते. ही सोय शेतकऱ्याच्या हाती आली ती युरोपातल्या एका पिवळ्या फुलाच्या तणाशी झुंजताना. ते तण म्हणजे रानमोहरी, सिनापिस आर्व्हेन्सिस.

ओट आणि जवाच्या शेतात ती पिकाबरोबरच उगवायची आणि बघता बघता वर निघायची. मुठीने फेकून पेरलेल्या दाट पिकात कोळपे चालत नाही. हाताने उपटणे एवढाच मार्ग उरायचा.

वाट सापडली ती द्राक्षबागेतून. 1885 साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी द्राक्षावरच्या केवडा रोगावर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण जाहीर केले. नाशिक-सांगलीचे बागायतदार आजही वापरतात ते बोर्डो हेच. पुढे 1896 मध्ये फ्रान्समध्येच बोने यांनी नुसत्या मोरचुदाचे पाणी धान्याच्या पिकावर फवारून दाखवले. रानमोहरी करपली, धान्य वाचले. अमेरिकेत नॉर्थ डाकोटात बोली यांचेही त्याच सुमारास असेच प्रयोग चालू होते. कारण पानांच्या ठेवणीत आहे. मोहरीचे पान आडवे, पसरट, खरखरीत लव असलेले. त्यावर थेंब टिकतो आणि शेंडाही उघडाच. ओटाचे पान अरुंद, उभे, मेणचट. थेंब घरंगळतो आणि वाढीचा कोंब खाली पानांच्या वेढ्यात सुरक्षित राहतो.

1940 मध्ये इंग्लंडात टेम्पलमन यांनी ओटातल्या रानमोहरीवर वनस्पतींच्या वाढीचे संप्रेरक जास्त प्रमाणात वापरले आणि पुन्हा मोहरीच तेवढी मेली. त्या शोधातून एमसीपीए हे तणनाशक आले. टू-फोर-डी त्याच कुळातले. युद्धामुळे हे संशोधन गुप्त राहिले. बाजारात औषधे आली ती युद्ध संपता संपता.

माझ्या मते या इतिहासात औषधापेक्षा बियाणाकडे जास्त लक्ष द्यायला हवे. रानमोहरीच्या एका झाडाला हजारो बिया धरतात, पीक काढणीला येण्याआधीच बऱ्याच झडतात आणि मातीत गाडल्या गेल्या तर कित्येक वर्षे जिवंत राहतात. जुने कुरण नांगरले की शेत पिवळे होते ते म्हणूनच. एक वर्ष फवारून तो साठा संपत नाही, म्हणून शेतकरी दरवर्षी फवारत राहिले. कॅनडात तर कॅनोला या मोहरीच्याच कुळातल्या तेलबियांच्या पिकात तिचे जवळपास तेवढ्याच आकाराचे बी मिसळते. चाळणीने वेगळे होत नाही आणि तेलाची प्रत घसरते. तिथेच, मॅनिटोबात, 1990 च्या सुमारास टू-फोर-डीच्या गटातल्या औषधांना दाद न देणारी रानमोहरी आढळली.