मोफत बचाव वकील (भारत)

फौजदारी खटल्यात वकील लावण्याची ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने मिळणारा वकील. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्याला पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला. त्याची फी कोण भरणार, हे मात्र तिथे सांगितलेले नाही. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने राज्याला मोफत विधी साहाय्य देण्यास सांगणारा अनुच्छेद ३९-अ आला, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे ज्यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही अशा भागात. हक्काला धार आली ती सर्वोच्च न्यायालयाने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेद २१ चा आधार घेतल्यावर.

‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९७८) या प्रकरणात अर्जदार हरला, पण कैद्याला निकालाची प्रत आणि अपिलासाठी वकील मोफत मिळावा, हे तत्त्व टिकले. भागलपूरच्या कैद्यांचे डोळे फोडल्याच्या ‘खत्री’ प्रकरणात (१९८१) उघड झाले, की वकील हवा का, हे न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्यांना विचारलेच नव्हते. आरोपीला प्रथम हजर करताच हा हक्क सुरू होतो आणि तो त्याला सांगणे कोर्टाचे काम आहे, असे न्यायालयाने ठरवले. अरुणाचलच्या ‘सुकदास’ खटल्यात (१९८६) आरोपीने वकील मागितला नव्हता, एवढ्यावरून उच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ज्याला हक्कच ठाऊक नाही तो मागणार काय?

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रत्यक्षात ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना त्यात उत्पन्नाची अट नाही. कच्च्या कैद्याच्या घरच्यांना हे बहुधा माहीत नसते. ते दागिने मोडून खासगी वकील गाठतात. अर्ज जिल्हा प्राधिकरणाकडे, तालुका समितीकडे किंवा तुरुंगातूनही करता येतो.

वर्षानुवर्षे हे काम पॅनलवरचे वकील खासगी वकिली सांभाळून, तुटपुंज्या मानधनावर करत आले. २०२२ पासून पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रात त्यांना ‘लोक अभिरक्षक’ म्हणतात. सरकारी वकिलासमोर तितकाच बांधील माणूस उभा करण्याची कल्पना उशिरा सुचली, पण योग्य आहे.

कच्चा दुवा रिमांडचा, म्हणजे खटल्याआधी दंडाधिकारी आरोपीची कोठडी ठरवतात त्या टप्प्याचा. मुंबई हल्ल्यातील कसाबच्या अपिलात (२०१२) न्यायालयाने म्हटले, की खटल्याच्या सुरुवातीस वकील दिला नाही, तर आरोपीने स्वतःहून नाकारला नसल्यास खटलाच दूषित होतो. रिमांडच्या टप्प्यावर तो दिला नाही, तर मात्र खटला आपोआप कोसळत नाही. आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान झाले का, हे पाहिले जाते. हक्क न सांगणारा दंडाधिकारी खातेनिहाय कारवाईस पात्र ठरतो.